गाय उभीच राहते, वैरण उरते: पेंड बदलण्याआधी फरशी तपासा

पेशानं मी गवंडी, घरी पाच गाई. सांगली-साताऱ्याच्या वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात माझी गोठ्याचीच कामं जास्त असतात आणि त्यातली निम्मी नवी नसतात. कुणीतरी आधी करून ठेवलेला कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, नीट करायचा असतो. तो 'कुणीतरी' एक-दोनदा मीच निघालोय. फोन मात्र कोब्यासाठी कधीच येत नाही. फोन येतो तो असा: "दादा, तुमच्या घरी गाई हायत म्हणून इचारतो. वैरण अर्धी टाकती, पेंड बदलून बघितली, दूध काय वाढंना." मग मी विचारतो, रात्री किती बसलेल्या असतात? पलीकडं शांतता.

आधी लक्षणं. यातली तीन-चार एकाच गोठ्यात दिसत असतील तर पुढचं वाचा.

– वैरण टाकल्यावर गाय तुटून पडते, भराभर खाते आणि मागं सरकून उभी राहते. पुन्हा गव्हाणीकडं येत नाही. उरलेली वैरण दुपारपर्यंत वाळते.
– बसायच्या आधी जमीन हुंगते, पुढचे पाय आखडते, पुन्हा सरळ होते. असं चार-पाच वेळा. शेवटी धपकन बसते.
– उठताना मागचे पाय घसरतात. काही गाई कुत्र्यासारख्या आधी पुढून उठायला बघतात.
– पुढचे गुडघे किंवा मागच्या पायाचा मधला सांधा यावर केस गेलेत, सूज आहे, कधी जखम.
– उभी असताना एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलते. चालताना पाठ कमानीसारखी वर.
– माज कळत नाही. लोक याला मुका माज म्हणतात. पण ज्या गाईला पाय घसरायची भीती आहे ती दुसरीवर उडणारच नाही, मग माज कळणार कुठून? हे लक्षण कुणी फरशीशी जोडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.
– दुधाचं फॅट कमी-जास्त होतं, शेण कधी घट्ट तर कधी पातळ.

आता फरशीचा आणि खाण्याचा संबंध काय, ते एकदाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच उभी आहे. आरामात असलेली गाय २४ तासांत १० ते १४ तास बसते. त्यातच तिचं बरंचसं रवंथ होतं, आणि बसल्यावर कासेकडं रक्तही जास्त जातं. फरशी टणक किंवा निसरडी असली की ती बसणं टाळते. पण बसण्याची भूक वैरणीच्या भुकेपेक्षा मोठी. दिवसभर ताटकळलेल्या गाईला जरा कोरडी जागा सापडली की ती आधी बसते, खायचं नंतर. शिवाय पाय दुखत असले की दिवसातून दहा वेळा गव्हाणीवर यायच्या जागी चार वेळा येते आणि एकेका वेळी पोट गच्च भरून घेते. रवंथ कमी, लाळ कमी, पोटात आम्ल वाढलं. तिथून पुन्हा खुरं बिघडतात. पेंड भारीतली आणून हे चक्र थांबत नाही. उलट पेंड वाढवली की आम्लाला जोरच मिळतो.

पहिली तपासणी: रात्री मोजा. खर्च शून्य

संध्याकाळची धार, वैरण, सगळं उरकून दोन तास झाल्यावर गोठ्यात जा. दिवा लावू नका, मोबाईलचा उजेड जमिनीकडं धरा. बसलेल्या किती, उभ्या किती, आणि उभ्यांपैकी खाणाऱ्या किती? खात नाहीत आणि बसल्याही नाहीत, अशा गाई निम्म्याच्या वर असतील तर दोष जागेचा धरून चाला. एका रात्रीवर जाऊ नका, तीन रात्री बघा. पाऊस, डास, माजावरची गाय यानंही एखादी रात्र बिघडते.

आणखी एक बघा. सगळ्याच उभ्या आहेत की ठरावीक दोन जागांवरच्या? दोनच असतील तर तुमचं काम खूप स्वस्तात होणार आहे.

दुसरी: स्वतःचे गुडघे

हे मी प्रत्येक गोठ्यात करतो आणि मालक हसतात. गाय जिथं बसते तिथं उभं राहायचं आणि दोन्ही गुडघ्यांवर खाली यायचं. कळ आली? गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते. चारशे-साडेचारशे किलोच्या जनावराच्या पुढच्या अंगाचा भार त्या क्षणी दोन गुडघ्यांवर येतो, आणि हे ती दिवसातून दहा-बारा वेळा करते. मग तिथंच दहा-पंधरा सेकंद टेकून राहा आणि पँट बघा. गुडघा भिजला तर जागा ओली. वरून कोरडी दिसणारी फरशी अशी बऱ्याचदा खोटं बोलते.

मग चप्पल काढा, तळवा जमिनीवर दाबा आणि पाय पुढं ढकला. सर्रकन गेला तर गाईचा खूर त्याहून आधी जाईल. फरशी आधी ओली करून हे करा. कोरड्या कोब्यावर सगळेच पास होतात.

तिसरी: खराटा आणि बादली

कोबा तोडायला मला बोलावतात आणि मी खराटा मागतो, असं निदान चार-पाच वेळा झालंय. शेण-मूत रोज पसरून पसरून फरशीवर एक चिकट थर बसतो. पावसाळ्यात त्यावर हिरवं शेवाळ. खाली कोबा खरखरीत असतो, पण खुराला तो लागतच नाही. कडक खराट्यानं, थोडा धुण्याचा सोडा टाकून एक कोपरा घासा. खालून खरखर लागली तर सगळाच घासून काढा आणि इथंच थांबा. घासताना गाई बाहेर, नंतर पाणी भरपूर.

आता बादलीभर पाणी गव्हाणीच्या बाजूला ओता. ते नालीत जायला हवं. मध्येच डबकं राहिलं तर खडूनं त्याची हद्द आखून ठेवा, पुढं उपयोगी पडेल. उतार साधारण ६ फुटाला १ ते दीड इंच. जास्त उतार म्हणजे जास्त स्वच्छता, असं समजून काही जण तीन-तीन इंच देतात. मग गाय सारखी मागं सरकते, पुढचे पाय रोवून उभी राहते आणि गाभण गाईचं मायांग (योनी-गर्भाशयाचा भाग) बाहेर यायची भीती वाढते.

धुण्याची वेळही बघा. बऱ्याच घरांत धार झाली की लगेच गोठा धुतात आणि गाई ओल्यात बसतात. धारेनंतर सडाची तोंडं अर्धा-एक तास नीट मिटलेली नसतात. दगडी (कासेची सूज) व्हायला एवढं पुरतं. धुवायचं धारेच्या आधी, आणि धार झाली की ताजी वैरण समोर टाकायची, म्हणजे तेवढा वेळ ती आपणहून उभी राहते.

चौथी: दावं आणि गव्हाण

इथं फरशीचा दोष नसताना फरशीवर नाव येतं. दावं आखूड असलं तर गाईला उठताना डोकं पुढं झोकता येत नाही. उठताना ती आधी मागचा भाग उचलते आणि त्यासाठी मानेला पुढं दोन फूट तरी मोकळी जागा लागते. समोर आडवा पाइप नेमका त्या उंचीवर असेल तरी तेच. दावं थोडं सैल करून दोन दिवस बघा. इतकं सैल नको की शेजारणीच्या पायात गुंतेल.

गव्हाणीचा तळ हातानं चाचपा. मुरघासातलं (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यातलं) आम्ल सिमेंट खातं. दोन-तीन वर्षांत वरचा थर जाऊन खडी उघडी पडते. तिथं गाईची जीभ घासते, फटीत जुनी वैरण आंबते, वास मारतो आणि नवी वैरण त्या वासानं नाकारली जाते. आमच्याकडं लोक नेमकं उलटं करतात: पायाखाली गुळगुळीत, गव्हाणीत खडबडीत. खरं तर चकचकीत टाइल कुठं शोभत असेल तर ती गव्हाणीच्या तळाला. उरलेल्या टाइलचे दोन-तीन बॉक्स घरात पडलेले असतातच, ते तिथं लावा. सांधे घट्ट भरा.

गव्हाणीचा तळ गाईच्या पायाच्या पातळीपेक्षा ४ ते ६ इंच वर असावा. तो पायाच्या बरोबरीनं किंवा खाली असला की दूरची वैरण घ्यायला ती पुढचे पाय फाकवून ताणते. ओल्या फरशीवर तो ताण तिला नको असतो, म्हणून हाताशी आहे तेवढीच खाते. लांब गेलेली वैरण दिवसातून तीन-चार वेळा पुढं ढकलून बघा. खाणं वाढलं तर दोष सापडला.

पाचवी: आठ दिवस अंथरूण

फरशीला हात लावण्याआधी ही चाचणी मी सक्तीची करतो. दोन गाईंच्या जागेवर तीन-चार इंच कोरडं काहीतरी पसरा आणि आठ दिवस त्या दोघींचं बसणं आणि उरलेली वैरण बघा. आपल्याकडं सगळ्यात स्वस्त उसाचं पाचट, कुट्टी करून. शिराळा-पाटणकडं भाताचं तूस मिळतं, शेंगांची टरफलंही चालतात. बगॅस (उसाचा चोथा) कडक वाळलेला हवा, ओला बगॅस दोन दिवसांत आंबतो. लाकडाचा बारीक भुसा मऊ असतो, पण ओला झाला की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून कासेखाली मी टाळतो. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) तर नकोच, तिची कच टोकदार असते. ओलं झालेलं रोज काढा. वर चुना मारायचा तर अगदी हलका, नाहीतर सडांना भेगा पडतात.

दोघी बसायला लागल्या, बाकीच्या उभ्याच राहिल्या, तर फरशी टणक आहे हे पक्कं झालं. पलूसकडच्या एका काकूंनी एवढंच केलं आणि पुढं कोबा तोडलाच नाही. घरचा ऊस, घरचं पाचट. मला चहा पाजून परत पाठवलं.

सहावी: टेप लावा

गव्हाणीच्या कडेपासून नालीपर्यंत किती फूट? जुने गोठे खिलार किंवा गावठी गाईच्या मापाचे, पाच फुटांचे, कधी त्याहून कमी. आता तिथं एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय बांधलीय. ती उभी राहिली की मागचे पाय नालीत किंवा नालीच्या कडेवर, बसली की ढुंगण नालीत. मोठ्या एचएफला साडेपाच ते सहा फूट लांबी आणि चार फूट रुंदी लागते. फरशी कितीही चांगली करा, माप आखूड असेल तर मागची खुरं मुतात भिजून मऊ पडणार आणि तीच झिजणार, फाटणार. नाली मागं सरकवता आली तर तेच काम आधी. नाही आली तर नालीवर जाळी टाकणं हा तात्पुरता मार्ग, आणि जाळीच्या फटीत खूर अडकणार नाही एवढं बघा.

सातवी: रेघा मारणं

कोबा पक्का आहे, उतार बरा आहे, फक्त निसरडा आहे, तर तोडू नका. कटर मशीननं खाचा मारता येतात: खोली आणि रुंदी साधारण १ सेंटीमीटर, दोन खाचांत ३ ते ४ इंच अंतर. मी शंकरपाळ्याच्या आकारात मारतो, म्हणजे पाय मागं घसरो की बाजूला, कुठंतरी अडतो आणि पाणीही वाहून जातं. कडा राहू देऊ नका, दगड घासून बोथट करा. खाचा मारायच्या आधी कोब्याची जाडी बघा. शहाबादी फरशीवर दीड इंचाचा कोबा ओतला असेल तर कटर लावला की तुकडे उडतील. शहाबादी उघडीच असेल तर तिला छिन्नीनं टाचे मारून खरखरीत करता येतं, पण वर्ष-दोन वर्षांत ती पुन्हा गुळगुळीत होते.

खरखरीतपणाचाही अतिरेक होतो. खडी उघडी पडलेल्या फरशीवर खुराचा तळ कानसेनं घासावा तसा झिजतो. घसरणं थांबतं, लंगडणं सुरू होतं.

आठवी: मॅट

रबर मॅट हा चांगला उपाय आहे, पण पहिला नाही. उतार नसलेल्या, डबकी साठणाऱ्या फरशीवर मॅट टाकली की मूत खाली साठतं, वास, माश्या आणि वरून शेणाचा निसरडा थर. मघाशी खडूनं आखलेली डबकी भरून घ्या, मग मॅट. खालच्या बाजूला खाचा किंवा बोंडं असलेली घ्या, आठवड्यातून एकदा उचलून खाली धुवा. घेताना दुकानात तिच्यावर गुडघे टेका. कडक रबर फक्त घसरण थांबवतं, टणकपणा तसाच राहतो. अशा मॅटवर थोडं पाचट लागतंच.

नववी: तोडून नवा कोबा

इथं माझा स्वतःचा किस्सा. माझ्या घरचा पहिला गोठा मी असा घोटला होता की त्यात तोंड दिसावं. वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं, थापीनं चकचकीत केलं, पाव्हण्यांना दाखवलं. पंधरा दिवसांत गाभण गाय पाय फाकून पडली. वाचली, पण नंतर कधी धड चालली नाही. घरात बायकोनं एवढंच विचारलं, "आरसा गाईला कशाला पायजे होता?" तेव्हापासून गोठ्यात मी घोटाई करत नाही.

तोडायचं ठरवलं तर आधी खालची जमीन बघा. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर नुसता कोबा ओतला की भेगा ठरलेल्या. काळी माती फूट-दीड फूट काढून मुरूम भरायचा, पाणी मारून धुमस करायचा (ठोकून घट्ट), दगडाचं सोलिंग (थर), मग ४ इंच काँक्रीट. माप एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. पाणी कमी, कारण पातळ माल ओतायला सोपा आणि झिजायला त्याहून सोपा. लाकडी रंध्यानं सपाट करून, ओलं असतानाच खराटा ओढायचा किंवा शंकरपाळ्या उमटवायच्या. किमान १० दिवस पाणी, आणि तीन आठवडे जनावर आत नको.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांचे गोठे बुडाले, त्यांनी तोडायच्या आधी पहारीच्या बोथट टोकानं ठोकून बघावं. खालची माती वाहून गेलेल्या ठिकाणी आवाज पोकळ येतो. तो भाग वरून कितीही लिंपला तरी एके दिवशी गाईसकट खाली बसेल.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डॉक्टर आधी, गवंडी नंतर, असे प्रसंग आहेत. व्यायलेली गाय एक-दोन दिवसांत बसली आणि उठेना, कान थंड, मान पोटाकडं वळवलेली: ती घसरलेली नाही, तिचं कॅल्शियम उतरलंय. ज्यांच्याकडं नुसत्या उसाच्या वाढ्यावर (शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर) जनावरं असतात तिथं हे जास्त दिसतं, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. तासांचा खेळ असतो, फरशीवर चर्चा करत बसू नका. लंगडण्याबरोबर ताप, खुराच्या फटीत सडका वास, तोंडात फोड आणि लाळ, पाय टेकतच नाही, सांधा गरम आणि सुजलेला, पाय फाकून पडलेली गाय: लगेच पशुवैद्यक. गावात डॉक्टर नसतील तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा. फाकलेल्या गाईला दोरी लावून ओढू नका, आधी खाली पाचट-पोती टाका आणि डॉक्टर येईपर्यंत कूस बदलत राहा.

चार-पाच गाई एकाच आठवड्यात लंगडल्या तर तेही डॉक्टरांचं काम. फरशी सगळ्यांना एकाच आठवड्यात लंगडं करत नाही, रोग किंवा खुराक करतो. नवा कोबा नुकताच वापरात आला असेल तर गोष्ट वेगळी, त्याची कच खुरं सोलते. खुरं वाढलेली असतील तर खुरसाळणी जाणकाराकडूनच, वर्षातून दोनदा. विळा घेऊन घरी प्रयोग नको. आत जिवंत भाग किती जवळ आहे ते पहिलं रक्त येईपर्यंत कळत नाही.

एक धोका वेगळाच. ओल्या फरशीवर गाई नाचल्यासारखे पाय उचलतात, पाण्याच्या टाकीला तोंड लावून झटकन मागं होतात, मिल्किंग मशीन चालू असतानाच बिथरतात: करंट उतरतोय. मेन स्विच बंद, अनवाणी आत जायचं नाही, वायरमनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. तोपर्यंत धार हातानं.

भेग करंगळीएवढी रुंद झाली, एक बाजू खाली बसली किंवा गव्हाणीची भिंत कलली, तर माझ्यासारख्या गवंड्यानंही एकट्यानं हात घालू नये. बांधकामाचा इंजिनिअर आणून पाया दाखवा.

आणि नव्या फरशीवर पहिल्यांदा गाय घ्याल ती दिवसाउजेडी, एकेक, खाली तूस किंवा पाचट पसरून. गाभण गाय सगळ्यात शेवटी. त्याच्या आदल्या दिवशी जड दगडी पाटा किंवा सिमेंटचा ठोकळा दोरीनं सगळ्या फरशीवरून दोन-तीनदा ओढा, झाडून काढा, पाणी मारा. किती कच निघते ते सुपात घेऊन बघा. ती नाही काढली तर पहिल्या आठवड्यातच खुरांच्या तळात जाऊन बसते.